मी खाकरलो की घर गप्प व्हायचं

निवृत्त होऊन गुंदला, माझ्या गावी, राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की आमच्या एका घरात दोन घरं आहेत. पहिलं, मी अंगणात पोचण्याआधीचं. त्यात धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी चुलीपाशी बसून इतक्या जोरात हसत असतात, की गोठ्यातली म्हैस मान वर करते. दुसरं, मी उंबरा ओलांडल्यानंतरचं. त्यात भाऊ उठून उभा असतो, भावजय पदर ओढून भिंतीकडे सरकलेली असते आणि पुतणी उलटी धरलेली वही वाचत असते.

या दोन घरांच्या मध्ये असायचं माझं खाकरणं. आमच्याकडे थोरल्या दिरानं घरात शिरताना अंगणातूनच खाकरायचं असतं. म्हणजे आत धाकट्या भावाची बायको ऐसपैस बसली असेल तर तिला सावरायला वेळ मिळतो. माझे वडील खाकरायचे, चुलते खाकरायचे, मीही खाकरायला लागलो. कुणी शिकवलं नाही. निवृत्त झालो आणि घसा आपोआप तयार झाला.

यातली गंमत अशी, की मी बेळगावच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. त्यातही कुटुंबातल्या भूमिका हा माझा हातखंडा विषय. आई कशी घडते, सून कशी घडते, थोरला भाऊ हा जन्मानं कमी आणि घरच्यांच्या वागण्यानं जास्त कसा थोरला होतो, हे मी फळ्यावर बाण काढून काढून सांगितलं. पोरं लिहून घ्यायची आणि पासही व्हायची. मी मात्र स्वतःच्या घरात पहिल्याच पेपरात नापास झालो होतो.

घरात माझा थाट पाहुण्याचा होता. बाहेरून आलो की पाय धुवायला तांब्या, मग गूळ आणि पाणी. परसात जाऊन आलो तरी गूळ-पाणी! महिन्याभरात मी इतका गूळ खाल्ला, की दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली असती. भाऊ मला काही करू देत नसे. "अण्णा, तुम्ही कशाला उठतासा? बसा." लहानपणी माझ्याशी कुस्ती खेळताना हाच माणूस मला चावला होता, त्याची खूण अजून दंडावर आहे. मी प्राध्यापक झालो तेव्हापासून त्याचं 'तू'चं 'तुम्ही' झालं आणि तिथेच थिजलं.

भावजयीचा प्रश्न तर आणखी अवघड. तिच्याशी मी त्यांच्या लग्नापासून, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, एक वाक्य सरळ बोललो नव्हतो. तीही नाही. बाईमाणसाला सतराशे साठ नात्यांनी हाक मारता येते, पण धाकट्या भावाच्या बायकोला थोरल्या दिरानं काय म्हणायचं, याचा शब्दच मला कुणी दिला नाही. माझी बायको होती तोवर अडलं नाही. सुट्टीत आलो की त्या दोघी स्वयंपाकघरात आणि मी ओसरीवर पेपर घेऊन. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा बेंगळूरला. मी इथं आलो, आणि मधला पूल नाहीसा झाल्याचं तेव्हा कळलं.

भाऊ शेतावर आणि पुतणी जोयड्याला कॉलेजात गेली असली, की घरात भावजय, मी आणि कुत्रा. मग ती कुत्र्याशी बोलायची. "थोरल्यांना म्हणावं, जेवान वाडलंय." कुत्रा माझ्याकडे बघायचा. मी कुत्र्याला सांगायचो, "आलोच म्हणावं." तो बिचारा दोन्ही बाजूंनी मान हलवायचा. त्या जनावराइतका प्रामाणिक निरोप्या मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा मला फार वाईट वाटायचं. अंगणात उभं राहून आतलं हसणं ऐकायचं, आणि आपण आत गेलो की ते मरणार हे माहीत असायचं. कधी कधी मी मुद्दाम न खाकरता पेरूच्या झाडापाशी थोडा वेळ थांबायचो. मला दुसरं काही नको होतं. त्या हसण्यात एक कोपरा धरून बसायचं होतं. ते जमत नसेल तर दसरा झाल्यावर बेळगावला परत जाऊन खोली घ्यायची, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कुणाला बोललो नव्हतो, पण एका जुन्या सहकाऱ्याला खोली बघून ठेवायला सांगितलं होतं.

अशात एक दिवस पुतणी पुस्तक घेऊन ओसरीवर आली. तिलाही समाजशास्त्र आहे. "दोड्डप्पा," ती म्हणाली. वडलांच्या थोरल्या भावाला आमच्याकडे कानडीतला हाच शब्द चालतो. "दोड्डप्पा, हे प्रतीकात्मक आंतरक्रियावाद म्हंजे काय ओ? शब्द वाचताना जोयड्याची बस गुंदला पोचती."

माझी कळी खुलली. मी पालथी मांडी घालून सांगितलं, की माणूस वस्तूशी वागत नाही, त्या वस्तूला दिलेल्या अर्थाशी वागतो. तो अर्थ आभाळातून पडत नाही, माणसं एकमेकांशी वागता वागता तो तयार करतात. तुझ्या आईनं मला गूळ दिला, तर तो नुसता गूळ नसतो. त्यात 'तुम्ही पाहुणे' असं लिहिलेलं असतं. मी तो खाल्ला, की मी पाहुणा होतो. दोघांनी मिळून केलेलं असतं ते. आणि दोघांनी मिळून केलेलं, दोघांनी ठरवलं तर बदलता येतं.

पुतणीनं सगळं लिहून घेतलं. मग पेनाचं टोपण लावत सहज विचारलं, "मग तुम्ही आत आलासा की आमचं घर गप का होतंय? ते बदलता येतं काय?"

एकतीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, येतं. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो.

पहिला प्रयोग ताटाचा. जेवण झाल्यावर मी माझं ताट उचललं, मोरीवर नेलं आणि घासून पालथं घातलं. माझ्या मते त्याचा अर्थ होता: मी घरचा आहे, माझी बडदास्त नको. संध्याकाळी भाऊ खाली मान घालून माझ्यासमोर बसला. "अण्णा, काय चुकलं आमचं ते सांगा. ती दुपारपासनं रडाय लागल्या." आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यानं स्वतःचं ताट धुतलं तर त्याचा अर्थ एकच. या घरचं अन्न मला गोड लागत नाही. मला हे आठवायला हवं होतं. आमचे आजोबा एकदा असे रुसले होते आणि आठ दिवस घराला सुतक पडल्यासारखं झालं होतं. मी शपथेवर सांगितलं की आमटी उत्तम होती. परिणामी पुढचे चार दिवस रोज तीच आमटी.

दुसरा प्रयोग न खाकरण्याचा. मी दबक्या पावलांनी थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. भावजय ताकाचं गाडगं उतरवत होती. तिनं वळून बघितलं, 'अगं अव्वा!' म्हणून आईच्या नावानं किंचाळली आणि गाडगं फुटलं. ताक माझ्या धोतरावर, कुत्र्यावर, चुलीपाशी बसलेल्या पुतणीच्या वहीवर. आंतरक्रियावादाची टिपणं त्यातच गेली.

"दोड्डप्पा," पुतणी वही झटकत म्हणाली, "तुमी आपलं खाकरतच जावा."

मी पुन्हा खाकरू लागलो. घर पुन्हा गप्प होऊ लागलं. दसरा जवळ आला.

दसऱ्याला आमच्याकडे नवं आणतात. शेतात भात भरत आलेलं असतं. घरातल्या थोरल्यानं सकाळी अंघोळ करून नव्या लोंब्यांची मूठ कापायची, डोक्यावर ठेवून घरी आणायची. उंबऱ्यावर घरची बाई त्याचे पाय धुते, ओवाळते, मग लोंब्या आत जातात आणि आंब्याच्या पानांबरोबर दाराला, कणगीला, गोठ्याला, नांगराला बांधल्या जातात. हा मान माझा. पण इतकी वर्षं मी तो नावालाच घेत होतो. भाऊ लोंब्या आधी कापून बांधावर ठेवायचा, मी सुट्टीत आलेला माणूस त्या डोक्यावर घेऊन यायचो.

या वर्षी मी म्हटलं, मी स्वतः कापणार.

"अण्णा, मी दावतो की कुठल्या कापायच्या त्या," भाऊ म्हणाला.

"मला माझं शेत ठाऊक नाही होय?" मी म्हणालो. नाकाला मिरची झोंबली होती माझ्या. आणि खरं सांगायचं तर ठाऊक नव्हतं. बाराव्या वर्षी शिकायला बाहेर पडलो तो आत्ता परत आलो होतो.

सकाळी विळा घेऊन गेलो. धुकं होतं. सगळीकडे भात सारखंच दिसत होतं आणि कुठून कापावं कळेना. तेवढ्यात ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक छोटा वाफा दिसला. त्यातल्या लोंब्या वेगळ्याच, तांबूस, लांब कुसळांच्या, नटून उभ्या राहिल्यासारख्या. आणि वाफ्याच्या कडेला काठी रोवून तिला एक लाल चिंधी बांधलेली. मी चिंधी ओळखली. भावजयीच्या जुन्या लुगड्याची.

माझ्या मनात काय आलं ते आज सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, ही खूण माझ्यासाठी आहे. थोरल्यांना शेत माहीत नाही, ते कबूल करणार नाहीत, आणि आपल्याला सांगायची सोय नाही. म्हणून तिनं आदल्या दिवशी येऊन चिंधी बांधून ठेवली, की इथल्या कापा. तीस वर्षांत तिनं मला थेट पाठवलेला पहिला निरोप! मध्ये कुत्रासुद्धा नाही! मला इतका आनंद झाला, की मुठीवर भागेना. दाराला, कणगीला, गोठ्याला, शिवाय शेजारच्या दोन घरांना द्यायला म्हणून मी कापतच सुटलो. निम्म्याहून जास्त वाफा कापला. डोक्यावर भारा घेतला आणि गाणं गुणगुणत घरी आलो.

भावजय नवं लुगडं नेसून, तांब्या आणि निरांजनाचं ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. मागे भाऊ आणि पुतणी. तिनं पाय धुवायला तांब्या कलता केला, वर बघितलं, आणि हात थांबला.

"आवं, डोळं हायत का न्हाईत तुमास्नी?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. ती माझ्याशीच बोलत होती.

"चिंधी बांदल्याली दिसली न्हाई? बियाचा वाफा हाय त्यो! बियाच्या वाफ्याला इळा लावत्यात व्हय कोन? दाना अजून दुधात हाय, आता त्याचं बी तरी व्हईल काय? माज्या अव्वाचं बी हाय ते! गाव पान्यात गेलं, घर पान्यात गेलं, अव्वानं येवढं एक मडकं काखंत घेऊन गाव सोडलंया. लग्नात मला तेच दिलंया. दर वर्साला पेरते मी, दर वर्साला. आनि तुमी कापलासा! शिकलेलं मानूस!"

चिंधीचा अर्थ होता: इथे विळा लावू नका. गावातल्या कुठल्याही बाईला माहीत असलेला अर्थ. आणि मी, चिन्हांचे अर्थ एकतीस वर्षं फळ्यावर लिहिणारा, त्याच्या बरोबर उलटा अर्थ लावून आलो होतो.

डोक्यावर भारा, त्यामुळे मान खाली घालायचीही सोय नव्हती. नव्या लोंब्या जमिनीला टेकवायच्या नसतात. मी तसाच ताठ उभा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कलत्या तांब्यातून माझ्या पायांवर. रागारागानं का होईना, पाय धुवायचं काम तिनं सोडलं नाही.

"गप गं!" भाऊ घाबरून ओरडला. "कुनाशी बोलतेस? थोरले हायत ते!"

ती एकदम गप्प झाली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला असावा. हात पदराकडे गेला, पाऊल भिंतीकडे सरकलं. मला दिसत होतं, की आणखी एका क्षणात सगळं जिथल्या तिथं जाणार. ती भिंतीपाशी, मी ओसरीवर आणि मध्ये कुत्रा. आणि मी दसऱ्यानंतरच्या बसनं बेळगावला.

"तिला बोलू दे," मी भावाला म्हणालो. मग तिच्याकडे बघून म्हणालो, "चुकलं माझं. फार मोठं चुकलं. आता मी काय करू ते सांग."

तिनं सवयीनं कुत्र्याकडे बघितलं. "थोरल्यांना म्हणावं..." असं तोंडातून निघालंही. कुत्रा कान टवकारून तयार झाला. मग तिनं नाक पुसलं आणि माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"माळ्यावर बसायचं," ती म्हणाली. "ऱ्हायलेल्या लोंब्या पिकंपतोर. पोपट आनि वानरं हाकलायची. एक लोंबी गेली तर बगा."

"बसतो," मी म्हणालो.

तर असा मी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ओढ्याकाठी चार मेढींवरच्या माळ्यावर बसलो. हातात पत्र्याच्या डब्याला बांधलेली दोरी. पोपट सकाळी आणि दुपारी उशिरा येतात, वानरं त्यांना वाटेल तेव्हा. पहिल्या दिवशी मी पोपटांना हात वर करून "अहो, चला, चला" म्हटलं. वर्गाबाहेर रेंगाळणाऱ्या पोरांना म्हणायचो, तसंच. ते अजिबात उठले नाहीत. पलीकडच्या खाचरातून भावजयीचा आवाज आला, "आवं थोरले भावजी, पोपटांना अहो-जाहो काय करतासा? वराडा की!" रस्त्यानं जाणाऱ्या जीपमधली माणसं वाकून बघू लागली. मी ओरडलो. घशाला इतक्या वर्षांत खाकरण्यापलीकडे असं काम मिळालं नव्हतं.

मग ती रोजच ओरडायला लागली. "झोपलासा काय?" "डावीकडं बगा, डावीकडं!" "डबा वाजवा, पुस्तक काय वाचतासा?" दुपारी पेज घेऊन यायची आणि माळ्याखाली बांधावर बसायची. आधी दोनच शब्द, मग चार. तिचं गाव धरणात गेलं तेव्हा ती लहान होती. माणसं रामनगरकडे उठून गेली. नव्या जमिनीत ते भात नीट येईना, तरी तिची आई दर वर्षी एक कोपरा त्यालाच ठेवायची. आता आई नाही, आणि माहेरी कुणी ते पेरतही नाही. त्या गावातलं जिवंत असं आता एवढंच, या वाफ्यात उभं असलेलं.

मी वर बसून ऐकत होतो. एकतीस वर्षं विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या देऊन लोकांच्या घरी पाठवणारा मी, आणि माझ्याच घरातल्या बाईला मी कधी विचारलं नव्हतं, की तुझं गाव कुठलं. भावजय म्हणजे काय यावर मी तासभर बोलू शकलो असतो. हिच्याविषयी मला एक ओळ माहीत नव्हती. मला त्या दुपारी स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि मी तिला तसं सांगितलंही.

"तुमी तरी कशाला इचारनार," ती म्हणाली. "तुमी खाकारलासा की आमी भिंतीला लागायचं. कवा इचारनार?" आणि पोपटांचा थवा आला म्हणून तीच उठून डबा वाजवायला लागली.

दिवाळीच्या अलीकडे वाफा पिकला. तिनं स्वतःच्या हातानं एक एक लोंबी कापली, मला विळ्याला हात लावू दिला नाही. बी सुकवून मडक्यात भरलं तेव्हा मडकं निम्मंच भरलं. तिनं मडकं हलवून बघितलं, तोंडाला फडकं बांधलं.

"पुरंल," ती म्हणाली. "दोन वर्सांत भरंल. पुढल्या वर्सी बी तुमीच बसायचं माळ्यावर."

त्या दिवशी संध्याकाळी मी डबा, दोरी आणि माळ्यावरचं कांबळं आवरून घरी आलो. अंगणात पोचलो तर आत हसण्याचा कल्लोळ. पेरूच्या झाडापाशी थांबलो. आतून भावजयीचा आवाज येत होता, पण जाडा केलेला, संथ, शुद्ध. माझाच! "अहो पोपटमहाशय, आपण जरा पलीकडे जाल का?" भाऊ हसता हसता खोकत होता. पुतणी म्हणत होती, "अव्वा, पुन्ना कर, पुन्ना!"

खाकरावं की नाही, हे ठरवेपर्यंत सवयीनं घसा खाकरून मोकळा झाला. मी डोळे मिटून घेतले. आता हसणं थांबणार.

थांबलं नाही.

"व्हय, व्हय, आलासा ते कळलं," आतून भावजय ओरडली. "या आत. कुत्र्याला भाकर टाका येताना, आनि पानी रांजनातलं घेवा, माजं हात पिटात हायत."

रांजण कुठे आहे ते मला माहीत होतं. मी तांब्या बुडवला, उभ्यानंच प्यालो, आणि चुलीपाशी भावानं सरकून केलेल्या जागेत जाऊन बसलो. गूळ कुणी दिला नाही.